वैजयंतीबाईंची नवी डिस्क

सोलापूरच्या कोर्टासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचे गाळे आहेत. त्यातल्या तिसऱ्या गाळ्यात वैजयंतीबाई सत्तावीस वर्षं बसत होत्या. आधी टाईपरायटर, मग कॉम्प्युटर. वकिलानं बोलायचं आणि बाईंनी थेट टाईप करायचं, हा तिथला रिवाज. कच्चं लिहून आणणारा वकील म्हणजे कालचा पोरगा. बाईंची नजर कळफलकावर कधी नसायची. त्या टाईप करता करता चहावाल्याला साखर कमी घाल म्हणून दटावायच्या, पक्षकाराला बस कुठं मिळेल ते सांगायच्या, आणि पानात चूक म्हणाल तर औषधालासुद्धा सापडायची नाही.

कॉम्प्युटर मात्र जेरीला आला होता. सकाळी बटण दाबून बाई गाळा झाडायच्या, पाणी भरायच्या, देवाला उदबत्ती लावायच्या, तरी पडद्यावर चक्र गरगरतच असायचं. शेवटी नव्या पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या संगमेशनं सांगितलं, "बाई, मशीन बदलू नका. स्वस्तातली एक एसएसडी डिस्क टाकू. पळतंय बघा." रविवारी तो गाळ्यावरच येऊन बसला. नवी डिस्क बसवली, विंडोज नव्यानं टाकलं, जुन्या डिस्कवरच्या झाडून साऱ्या फायली नवीवर आणल्या. बाईंनी आकडा पडताळला. चार हजार तीनशे बारा. एकही कमी नाही.

"जुनी डिस्क ठेवा चार दिवस," संगमेश म्हणाला.

"नको. माझ्यासमोर पूस. लोकांची मृत्युपत्रं हायत त्यात, सोडचिठ्ठ्या हायत. कुणाच्या हाती लागली तर? पुसून भंगारात घाल."

लोकांची गुपितं सांभाळण्यात बाईंचा फार ताठा होता, आणि तो खोटाही नव्हता. डिस्क पुसली गेली. फायली मोजल्या होत्या, पण उघडून एकही पाहिली नव्हती.

सोमवारी कॉम्प्युटर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सुरू झाला. बाई खूश झाल्या. समोर बाकावर मंद्रूपच्या बजाबाई बसल्या होत्या. नवरा गेल्यावर दिरांनी त्यांना राहत्या दोन खोल्यांतून काढायचं चालवलं होतं, त्याचा दावा सुरू होता. त्यांचं साक्षीचं शपथपत्र ॲडव्होकेट उदयसिंहांनी शुक्रवारी तोंडी सांगितलं होतं. बाईंनी त्याची चौदा पानं टाईप करून ठेवली होती. फक्त छापायचं, सही-अंगठा करून अडीचच्या आत दाखल करायचं. कोर्टानं दिलेली ही शेवटची तारीख होती. आज चुकली की पुरावा बंद, मग बजाबाईंची साक्षच घेणार नव्हते.

बाईंनी फाईल उघडली. पडद्यावर मराठीचा एक काना नव्हता. इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच टिंबं, कशाचा कशाला मेळ नाही. बाईंनी दुसरी फाईल उघडली. तीही तशीच. दहावीही तशीच.

बाईंनी संगमेशला फोन लावून पडद्यावरचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमचा मराठी फॉन्ट जुन्या विंडोजमध्ये होता. फायली आल्या, फॉन्ट राहिला."

"मग टाक की आता."

"कुठनं टाकू? जुनी डिस्क तर पुसली."

फॉन्ट वीस वर्षांपूर्वी ज्यानं दिला, त्याचं दुकानही उरलं नव्हतं. संगमेशनं इंटरनेटवरून दोन फॉन्ट पाठवून पाहिले. त्यानं अक्षरं मराठी झाली, पण बजाबाईंचं नाव भलतंच उमटलं आणि गटनंबर तर दिसेचना. असला कागद कोर्टात देणं म्हणजे आपल्या हातानं दावा बुडवणं. उदयसिंह दुसऱ्या कोर्टात उलटतपासणीला उभे होते, फोन बंद. साडेअकरा वाजले होते.

"काय झालं वो बाई?" बजाबाईंनी विचारलं. "माजा कागद हाय न्हवं?"

"हाय," बाई म्हणाल्या. हे खोटं की खरं, ते त्यांनाच कळेना. सत्तावीस वर्षांत कुणाचा कागद त्यांनी चुकवला नव्हता, आणि ज्या बाईला कागदाशिवाय आधार नाही नेमका तिचाच बुडायची पाळी आली होती. नव्या डिस्कवर त्यांचा राग निघत नव्हता. पूस म्हणून आपणच सांगितलं, हेच राहून राहून टोचत होतं.

पुन्हा टाईप करून पाहावं म्हणून त्यांनी नवं पान उघडलं. शपथपत्र जसं सुरू होतं तसंच, सवयीनं, 'मी' मारलं. पडद्यावर इंग्रजी ई आणि एच उमटले. बाई थबकल्या. जुनी फाईल पुढे ओढली. पहिल्या ओळीत पहिलं काय? ई आणि एच.

म्हणजे बोटांनी दाबलेलं सगळं तसंच शिल्लक होतं. फक्त मराठीचा पडदा उडाला होता.

शेजारच्या गाळ्यात सिद्धेश्वरी होती. पंचविशीची मुलगी, दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेऊन बसलेली. इंग्रजी अक्षरांत उच्चार मारून ती मराठी उमटवायची, आणि बाई तिला "मोबाईलवाली" म्हणून चिडवायच्या. त्याच बाई आज तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"सिद्धे, मी वाचते, तू घे. जमेल?"

सिद्धेश्वरी लॅपटॉप घेऊन बाईंच्या गाळ्यात आली आणि पडदा पाहून म्हणाली, "काय वाचणार अक्का? ह्यात तर काहीच नाही."

"तू बस की."

बाई पडद्यावरचं एकेक अक्षर पाहायच्या, बोटं टेबलावर हलवायच्या आणि शब्द बोलायच्या. सुरुवातीला अडखळल्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची, तिथं जीभ ठेचकाळायची. तिसऱ्या पानापासून मात्र त्या डोळे पडद्यावर ठेवून सलग वाचू लागल्या. बजाबाई ऐकत होत्या. गटनंबर आला तेव्हा त्यांनी मान हलवली. नवरा वारल्याची तारीख आली तेव्हा हळूच म्हणाल्या, "व्हय, एकादशी हुती त्या दिशी." घड्याळाकडे पाहायची बाईंची छाती होईना. एक आकडा चुकला तर कुणाला कळणारही नव्हतं, त्याचीच धास्ती जास्त होती. म्हणून प्रत्येक आकडा त्यांनी दोनदा वाचला.

दोनला चौदावं पान निघालं. उदयसिंह धावतच आले, उभ्याउभ्या वाचलं, एका जागी स्वल्पविराम घातला. अंगठा झाला. अडीचला सात मिनिटं कमी असताना कागद दाखल झाला. बजाबाईंनी जाताना बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

बाईंना वाटलं, आता तरी निवांत बसता येईल. तेवढ्यात संगमेशचा फोन आला. फॉन्ट मिळाला नव्हता. मिळेलही, सांगता येत नाही. तोवर चार हजार तीनशे बारा फायली जगात एकाच माणसाला वाचता येणार होत्या, आणि त्या माणसाला पुढच्या महिन्यात अठ्ठावन्नावं लागणार होतं.

उदयसिंह कोर्टातून परतले. सवयीनं बाईंसमोर खुर्ची ओढून, डोळे मिटून म्हणाले, "घ्या बाई. वादी यांचा अर्ज खालीलप्रमाणे…"

बाईंचे हात उचलले गेले आणि तसेच राहिले. सिद्धेश्वरीनं आपला लॅपटॉप गुपचूप त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मान खाली घालून कळा पाहिल्या. एक बोट पुढे काढलं. मग वकिलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सिद्धे, 'व' कुठंय गं?"