तलवार नसलेली तीन नाटकं

नाटकवाल्यांकडं नाटकं थोडी आणि किस्से फार. तालमीनंतर चहा येतो, कोणीतरी "आरं, त्या टायमाला काय झालं" असं सुरू करतो, आणि चहा तसाच गार होतो. आमच्या बारामतीच्या मंडळात तर नव्वदीतल्या त्या एका सीझनचे किस्से अजून पुरून उरलेत.

त्या सीझनला आम्ही तीन नवी नाटकं जाहीर केली होती. आजची माणसं, आजचे कपडे, आजची भांडणं. मंडळाचे कर्तेधर्ते तात्या, उसाचे बागायतदार. मंडप त्यांचा, टेम्पो त्यांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांनी आमचा दिग्दर्शक दिलीप याला अट घातली.

"पयला प्रयोग कळस गावाला. लोकं मधनंच उठली, तर बाकीची दोन बंद. फुडच्या साली गुमान ऐतिहासिक करायचं."

दिलीप हो म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र त्याचा चेहरा बघवत नव्हता. ही नाटकं गावात चालतात हे दाखवायचं, एवढ्या एका वेडापायी त्यानं वर्ष घातलं होतं.

*

पहिलं नाटक नवरा-बायकोचं. नवरा स्वतः दिलीप, बायको वंदना. दिलीप लोणी देवकरला फॅक्टरीत शिफ्टवर, वंदना इंदापूरला शिक्षिका. दोघं एका वेळी तालमीला सापडतील तर शप्पथ! दिलीप नसला की नवरा मी, वंदना नसली की बायको मी. माझी खरी नेमणूक प्रॉम्प्टिंगची.

अखेर एका रविवारी दोघं समोरासमोर आले. वंदना म्हणाली, "तुम्ही माझं कधी ऐकलंच नाही." म्हणाली कोणाला, तर कोपऱ्यात स्क्रिप्ट धरून उभ्या असलेल्या मला! दिलीपनंही उत्तर दिलं ते माझ्याकडंच बघून. सवय, दुसरं काय.

तात्या शांतपणे म्हणाले, "ह्यांच्या संसारात तूच काडी घातलेली दिसतीया."

*

नाटकाची गाडी गावोगाव फिरवायची आमची पद्धत. जीपला भोंगा बांधायचा, आणि भोंगेवाला सोपान जे तोंडाला येईल ते ओरडणार. तलवारबाजी, हास्याचा धुमाकूळ, ठसकेबाज लावणी. ह्या वेळी त्यानं विचारलं, नाटकात काय काय हाय? दिलीपनं त्याला बराच वेळ समजावलं. सोपानला त्यातलं काही ओरडण्यासारखं सापडेना.

शेवटी कळसच्या चौकात तो खरं तेच बोलला. "ह्या नाटकात राजा न्हाय, तलवार न्हाय, लावणी न्हाय. मग हाय काय? ते मलाबी कळलं न्हाय. येऊन बघा!"

त्या दिवशी मंडपाच्या कनाती सोडून बाहेरही माणसं बसवावी लागली.

*

सेटला सोफा हवा होता. मंडळात सोफा एकट्या तात्यांकडं. तो टेम्पोत चढवला आणि नेमके त्याच दुपारी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. तात्या कळसला, बैठकीत भिंतीशिवाय काही नाही. तात्यांच्या घरच्या काकू डगमगल्या नाहीत. सतरंजी अंथरली, पोहे दिले आणि म्हणाल्या, "सोफ्यावर बसायचं आसंल तर सांच्याला कळसला या. नाटकबी बघा."

पाहुणे खरंच आले, नवऱ्यामुलासकट. लग्नही जमलं.

*

आणि तो प्रयोग. दिवस मावळल्यावर सुरू झाला. मधे कोणी उठलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. मी विंगेतून नाटकाऐवजी लोकांकडंच बघत होतो. नाटकाच्या शेवटी बायको पिशवी उचलते, दार ओढून घेते आणि निघून जाते. बस्स, एवढंच. दिवे गेले, दिवे आले. टाळी नाही. माणसं जागच्या जागी. दिलीप विंगेत येऊन माझ्या कानात म्हणाला, "मेलो."

तात्यांनी माईक घेतला. नाटक संपलंय, मंडळींनी सावकाश उठावं, असं सांगितलं. कोणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे आबा काठी टेकत उभे राहिले.

"बाई घर सोडून गेली आन् तुमी म्हंता उठा? ती गेली कुठं ते सांगा, मग उठतो."

दिलीप घाबरत पुढं झाला. म्हणाला, आबा, नवं नाटक आहे, लेखकानं शेवट बघणाऱ्यांवर सोडलाय.

आबांनी मागं वळून सगळ्या मंडपाकडं पाहिलं. "मग आमच्यावर सोपवलंय म्हणा की!" आणि खाली बसले.

झालं. बायकांच्या बाजूनं एक बोलली, पुरुषांतून दुसरा, मग सगळेच. तिनं माहेरी जावं, माहेरी कशाला, नोकरी करावी, पोरांचं काय. वंदना मेकअपसकट बाहेर आली, तर एका आजीनं तिचा हात धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. तात्या माईकवरनं विनवत राहिले, "मंडळी, उठा की आता." ऐकतो कोण! दिलीपच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

शेवटी तात्यांनी माईक बंद केला. स्टेजवरून उतरले, आबांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि हात वर केला.

"माझं म्हननं आसं हाय, तिनं परत जाऊ नये."