माय आणि दवाखान्याचं ताट

गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि मायचं खुब्याचं हाड मोडलं. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन लवकर झालं तर ती चालेल, नाहीतर उरलेलं आयुष्य खाटेवर.

मी धास्तावले ती खर्चानं. पण दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं मायचं आधार पाहिलं आणि म्हणाला, सत्तरी पार आहे ना, एवढंच पुरे. मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरला, सरकारी उपचाराचं कार्ड निघालं. घरी बसून घ्यायच्या गोळ्यांना ते चालत नाही, पण यादीतल्या दवाखान्यात भरती झालं की ऑपरेशन, औषधं, जेवण, सगळं सरकारचं. जमीन किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, कुणाच्या गटाचे, काही म्हणजे काही विचारलं नाही. आमच्याकडे पाण्याच्या टँकरलाही पुढाऱ्याची चिठ्ठी लागते! मी त्या कार्डाकडे बघतच राहिले.

माय मात्र म्हणाली, "मला न्हाई करायचं आपरेशन."

दवाखान्याचं ताट आलं, तेही तिनं सरकवलं. घरून आणलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मला वाटलं, भुलीला भ्याली असेल. मी मुळातच तापट, "कावून न्हाई?" म्हणून ओरडले, तेव्हा कुठं बोलली.

"आन काम कोन करील मग? आता पाटी उचलंल का माझ्यानं?"

बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. चौसाळ्याच्या पुढं पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. मुकादम खड्डा मापायचा, माप भरलं की हजेरी लागायची, मग खायला सुकडी मिळायची. सरकारचं खायचं ते असं. पुढं गावात दूध संस्था आली, तिथंही दूध घालील त्यालाच पगार. न राबता आलेलं काही तिनं जन्मात पाहिलंच नव्हतं.

"अगं, त्या तळ्याचं पाणी अजून अर्धं गाव पितंय. फेडलंस की तू!"

"त्याची सुकडी खाल्ली म्या. ते तवाच फिटलं."

राग तर आलाच, पण त्याहून जास्त तिचा अभिमान वाटला.

डॉक्टर दारातून ऐकत होते. ते खुर्ची ओढून बसले. "आजी, काम आहे. ऑपरेशन झालं की वॉकर धरून या खाटेपासून त्या खिडकीपर्यंत चालायचं. दुखलं तरी. जमेल?"

"मापनार कोन?"

"मी."

मायनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवायला हात पुढं केला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी धरायला गेले तर "सरक" म्हणाली. एक पाऊल, दम, पुन्हा पाऊल. डोक्यावर पाटी असल्यासारखी मान ताठ. माझ्या जन्माआधीची ती नवी नवरी मातीच्या भरावावर चढताना मला दिसत होती. खिडकीला हात लावून ती वळली आणि डॉक्टरांकडे बघत थांबली.

"भरलं माप, आजी."

ती खाटेवर टेकली, घाम पुसला. दवाखान्याचं ताट रोजच्यासारखं बाजूला झाकून ठेवलेलं होतं. मी घरचा डबा उघडायला घेतला.

"ऱ्हाऊ दे त्यो," माय म्हणाली. "ते ताट दे हिकडं."