दुकान वाढवायचंय

मनगटावर केशरी कागदी पट्टा बांधला तेव्हाच मी म्हटलं, "हे काय, दवाखान्यात भरती झाल्यासारखं!" रिसेप्शनवरची मुलगी हसली. खाणं, पिणं, समुद्र, नाटक-नाच, सगळं या पट्ट्यात आलं, आता पाकिटाला हातच लावायचा नाही, असं तिने हिंदीत समजावलं. हे मात्र हसले नाहीत. गेल्या रमजानात तव्यासमोर कोसळले होते तेव्हा असाच पट्टा त्यांच्या हाताला होता, आणि तो घालूनच छातीत स्प्रिंग बसवून घेऊन आले होते. मी जीभ चावली.

मुलाने आम्हाला दोन दिवसांसाठी इथे आणलं होतं. उम्म अल कुवैन मागे टाकून रास अल खैमाच्या किनाऱ्यावर आलं की हे रिसॉर्ट लागतं. कॅरिबियन थीम म्हणे. गवताच्या टोप्या घातलेले बार, निळी सरबतं, स्पीकरवर पिंपं बडवल्यासारखं संगीत. मी वेंगुर्ल्याची. मला समुद्र आणि झावळ्या दाखवायला कोणी पैसे भरावेत याचंच हसू येत होतं, आणि झाडं बघावीत तर सगळी खजुराची. त्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळून माड बनवलं होतं.

पण हसायला माझं मन ठिकाणावर नव्हतं. मी मुलावर चिडलेली होते. रागाने नुसती धुमसत होते म्हणा.

शारजात, रोल्लाच्या एका गल्लीत आमचं खाण्याचं दुकान आहे. पोळीभाजी, मिसळ, थालीपीठ, गुरुवारी साबुदाणा. मुलगा रांगत होता तेव्हा सुरू केलं. घर सोडून आलेल्या पोरांना, ज्यांना चहाशिवाय काही करता येत नाही त्यांना, मी पोटच्या पोरांसारखं वाढलं. कितीजण आधी "काकी" म्हणत यायचे आणि मग लग्न होऊन बायकोला घेऊन यायचे. दुकान म्हणजे माझा संसार होता. राहायचं घर होतं ते फक्त झोपायला.

दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरांनी ह्यांना आगीजवळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. लायसन्सचं वर्ष संपत आलं होतं. एका सकाळी चहा पिताना ह्यांनी मला सांगितलं, आता नूतनीकरण नको, दुकान वाढवू या. काय बोलणार? मी नको म्हणाले आणि त्यांना परत काही झालं तर जन्मभर कपाळावर हात मारत बसायची पाळी. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि त्या दिवशी प्रत्येक पोळी वेडीवाकडी झाली.

त्याच संध्याकाळी ह्यांनी मुलाला फोन लावला. तो अल ऐनला एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघतो. फोन स्पीकरवर होता. हे घसा खाकरून म्हणाले, "यंदा दुकान वाढवू म्हणतोय रे."

तिकडून पोरगा ओरडलाच, "रिअली? वॉव, बाबा! फायनली! आय ॲम सो हॅपी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फायनली? ज्या दुकानाच्या मिसळीवर तू इंजिनियर झालास, ते संपणार म्हणून तुला आनंद? हे मात्र फोन ठेवून म्हणाले, "बरं झालं, त्याला पटलं." आणि वर पोराने हे रिसॉर्टचं काढलं. "सेलिब्रेट करू या," म्हणे. आईबाप गाशा गुंडाळतायत आणि लेकाला नाच सुचतोय! मी यायला तयारच नव्हते. पण ह्यांना हवापालट होईल म्हणून गप्प बसून आले.

तर अशी मी. पहिल्या दुपारी जेवायला गेलो. बुफेचं दालन आमच्या अख्ख्या गल्लीएवढं. सगळे आपापल्या ताटल्या घेऊन फिरत होते आणि वाढणारं कोणी नाही! दालमध्ये साय ओतली होती, भाताला मीठ नव्हतं आणि 'इंडियन करी' नावाच्या पातेल्यात जे होतं ते कुठल्या इंडियातलं, देव जाणे. माणसं ताटल्या डोंगराएवढ्या भरून घेत होती आणि निम्मं टाकून उठत होती. बघवेना मला. हे बिचारे वेगळ्याच अडचणीत. एरवी दिसेल त्या वस्तूचे दिरहम बघून मोठ्याने रुपये करायची सवय. इथे कशावरच किंमत नाही, त्यामुळे त्यांना बोलायला विषयच उरला नव्हता.

भाताजवळ एक म्हातारे गोरे गृहस्थ थरथरत्या हाताने डाव धरायला बघत होते. निम्मी शितं बाहेर सांडत होती. मी पुढे होऊन डाव घेतला आणि त्यांना भात वाढला. वर डाल घातली, बाजूला लिंबाची फोड ठेवली. त्यांनी मान झुकवली. त्यांच्यामागे त्यांची बायको ताटली घेऊन उभी होती, तिलाही वाढलं. तिच्यामागे अजून एकजण. बघता बघता माझ्यासमोर रांग लागली की हो! कोणी 'लिटल' म्हणतंय, कोणी 'मोर' म्हणतंय, आणि मी हातातला डाव सोडायलाच तयार नाही. शेवटी काळ्या कोटातला एक मॅनेजर धावत आला. "मॅम, प्लीज, यू आर गेस्ट," म्हणत त्याने फार अदबीने माझ्या हातून डाव काढून घेतला.

"आई, यू आर इम्पॉसिबल," मुलगा हसत म्हणाला. "दोन दिवस रेस्ट घे. आता पुढे तुला खूप एनर्जी लागणार आहे."

"कशाला? घरात बसायला?" मी फणकारले. त्याने ते चेष्टेवारी नेलं.

दोन्ही दिवस हे असंच. समुद्राकाठच्या खाटल्यांवर लोक सकाळपासून टॉवेल टाकून जागा धरत होते, आमच्याकडे एस.टी.त रुमाल टाकतात तसे. पाण्यात उभं राहून हातपाय हलवायचा एक वर्ग होता, त्यात मी सलवार-कुर्त्यातच उतरले आणि शिकवणारा पोरगा माझ्याकडे बघून "व्हेरी गुड, मम्मी!" ओरडत होता. एरवी मजा वाटली असती. पण मध्येच मुलगा ह्यांना विचारायचा, "बाबा, स्टाफ किती लागेल?" किंवा "मेनू सेम ठेवायचा की चेंज?" हे गोंधळून माझ्याकडे बघायचे. त्यांना वाटलं, दुकानाच्या शेवटच्या दिवसाच्या जेवणाबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "सेमच ठेवू. लोकांना जे आवडतं तेच." मला वाटलं, हा आता निरोपाचं जेवणसुद्धा मॅनेज करायला निघालाय. यल्ला, यल्ला, आटपा लवकर!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लवकरच त्याने आम्हाला वाळूवरच्या टेबलाशी बसवलं. दिवे लागायचे होते. एवढ्यात चार-पाच वेटर टाळ्या वाजवत, गाणं म्हणत आले. पुढच्याच्या हातात केक. मला वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस असेल. केक आमच्याच टेबलावर आला. त्यावर चॉकलेटने इंग्रजीत लिहिलं होतं. मी चष्मा काढून पुसून पुन्हा वाचलं. नव्या ब्रँचबद्दल आईबाबांचं अभिनंदन.

"कसली ब्रँच?" हे म्हणाले.

"अल ऐनची!" मुलगा म्हणाला. "युनिव्हर्सिटीच्या जवळ मी जागा बघून ठेवलीये. इंडियन स्टुडंट्स भरपूर आहेत, बाबा, आणि एकही मराठी जागा नाही. मी जॉब सोडतो, मी चालवतो. आय वॉज वेटिंग फॉर इयर्स, तुम्ही कधी दुकान वाढवाल!"

वेटर टाळ्या वाजवतच होते.

आधी मला हसू फुटलं. थांबेचना. ध चा मा झाला होता, आणि तोही कसला! ह्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. ते हळूच म्हणाले, "अरे, दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं रे."

"व्हॉट? वाढवणं म्हणजे मोठं करणं ना?"

"एरवी मोठंच. पण दुकान बंद करतो असं तोंडाने म्हणत नाहीत. शुभ बोल नाऱ्या म्हणतात ना! बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतात. नारळ फोडत नाही, वाढवतात."

"पण नारळ ओपनिंगला वाढवतात!" पोरगा जवळजवळ ओरडला. खरंच की, तेही खोटं नाही.

त्याला कसं कळणार? रोज रात्री हे गल्ल्यावरून उठून म्हणायचे, "चला, वाढवा आता," आणि कामाची माणसं शटर ओढायची. केरळचा आमचा स्वयंपाकी मल्याळीतसुद्धा हाच शब्द वापरायला लागला होता. पण मुलाला आम्ही दुकानात कधी येऊ दिलं नाही. आला की, "घरी जा, अभ्यास कर." तव्याची धग त्याला लागू नये म्हणून हे उभे राहिले होते. मग त्याला दुकानाचा शब्द कुठून यायचा?

त्याने केकवरची सुरी खाली ठेवली. "मग मी एवढा हॅपी झालो तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मला आवडतंय, तुम्ही बंद करताय ते?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "तसंच वाटलं. म्हणून तर दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही."

"आई!" त्याचे डोळे भरून आले. "मला ते दुकान हवंय. ऑलवेज. तुम्हीच मला आत येऊ दिलं नाही."

तेव्हा मीही रडले, आणि रडता रडता जे त्या सकाळच्या चहापासून मनात दाबलं होतं ते बोलून टाकलं. "मलाही बंद नाही करायचं! मला कोणी विचारलं?"

ह्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मला तरी कुठे करायचंय? पण माझ्याने आता उभं राहवत नाही, आणि तू एकटी ओढशील ते मला बघवणार नाही. आणि तू," मुलाकडे वळून ते म्हणाले, "नोकरी सोडायची नाही. तव्यासमोर आयुष्य काढायचं काय असतं ते मला माहीत आहे. खलास."

मुलाने वाद घातला, मी घातला, पण ह्यांचा श्वास वाढायला लागला तसे आम्ही दोघंही गप्प झालो. केक तसाच होता. मी सुरी घेतली, कापला, तिघांना वाढला. अक्षरं माझ्याच तुकड्यात आली. गोड होता, फार गोड. परतताना दारावरच्या मुलीने कात्रीने आमचे पट्टे कापले आणि विचारलं, सगळं आवडलं का? मी म्हटलं, "डालमध्ये साय घालू नका."

महिनाअखेरीस दुकानाचा शेवटचा दिवस आला. मेनू सेमच ठेवला. मुलगा रजा घेऊन अल ऐनहून आला, आणि पहिल्यांदाच कोणी त्याला घरी पाठवलं नाही. त्याने पोळ्यांचं पीठ सांडलं, मिसळीच्या वाट्या उलट्यापालट्या दिल्या, आणि मी पंगतीत फिरून एकेकाला आग्रह करून वाढलं. कोणी जायलाच तयार नव्हतं. दुपार कलली तेव्हा कुठे बाकं रिकामी झाली.

मग आम्ही बाहेर उभे राहिलो. हे शटरकडे बघत होते. रोजचेच शब्द होते, ओठ हलत होते, पण आवाज येईना. मी काही मदत केली नाही. माझ्याने झालीच नाही.

मुलगा पुढे झाला. त्याने हात वर करून शटरची कडी धरली आणि मागे वळून आमच्याकडे बघितलं.

"बाबा, वाढवू?" त्याने विचारलं.

"वाढव, बाळा," हे म्हणाले, आणि भर रस्त्यात लहान पोरासारखे रडायला लागले.