तळमजल्याची खोली
आयटीतल्या नोकऱ्यांसाठी आमच्या वऱ्हाडातून पोरंपोरी पुण्यात येऊ लागली, तेव्हा मी कर्वेनगरात राहून त्यांच्यासाठी एक ईमेल ग्रुप चालवायचो. खोली, डबा, नोकरीची खबर, सगळं त्यावर. दलालांनी उच्छाद मांडला होता. गाववाला म्हणून शिरायचे आणि खोल्या ढापायचे. म्हणून मी नियम केला: नव्या माणसाबरोबर आमच्यातल्या कुणीतरी चहा प्यायल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही. या नियमाची मला कोण ऐट!

एका मुलीची मेल आली. अकोल्याची होती. आईचे गुडघे गेलेत, इथे उपचार चाललेत, जिना चढवत नाही, तळमजल्याची खोली हवी. वारज्यात आमच्या एका सभासदाची तशी खोली तेव्हाच रिकामी झाली होती, हे मला ठाऊक होतं. पण मेलची भाषा? 'सहकार्य करावे ही नम्र विनंती.' म्हटलं, वा रे वा, अकोल्याचं माणूस असं लिहितं होय? मी उलट लिहिलं, चार ओळी वऱ्हाडीत लिहून दाखवा. 'आता तशी सवय राहिली नाही,' असं उत्तर आलं. झालं! चहाबिहा काही नाही, 'क्षमस्व' लिहून मोकळा झालो. खाली सही नुसती 'व्यवस्थापक'. वर ग्रुपवर फुशारकी मारली, आज एक दलाल पकडला. सगळ्यांनी वाहवा केली.

पुढच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक मुलगी रुजू झाली. बोलणं अस्सल पुणेरी. एकदा मी फोनवर घरच्यांशी वऱ्हाडीत बोलत होतो, ते ऐकून ती हसली. "अहो, तुम्ही आमच्याकडचे? मी अकोल्याची. इथे कॉलेजात तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मग ती बोलीच सोडली." मला ती 'नम्र विनंती'वाली मेल आठवली.

"आईला भेटायला या, तिला आपल्याकडचं कुणी बोलायलाच नाही," म्हणत तिने सदाशिव पेठेत घरी नेलं. तिसरा मजला. जिना चढताना सहज सांगितलं, "एका ग्रुपवर मेल केली होती, पण त्यांना मी दलाल वाटले. त्यांचंही बरोबरच म्हणा, काय काय लोक शिरत असतील." रागाचा लवलेश नव्हता. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई खिडकीशी बसलेली. "ये बापा, बस," म्हणाली, आणि जे बोलायला लागली ते थांबेचना. इथे आल्यापासून दवाखान्याखेरीज ती खाली उतरलीच नव्हती. तेही दोघांनी खुर्चीत उचलून न्यायचं. मुलीने चहा आणला. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "पोरा, तू आंधी भेटला असता तं खालची खोली भेटली असती आमाले."

"हो ना, मावशी," मी म्हणालो, आणि चहा पीत राहिलो.