ओम्दुरमानच्या गिरणीचा दगड

कॉव्हेंट्रीहून साउथहॅम्प्टनला थेट गाडी आहे. शनिवारी ती लेट होती. उशिराबद्दलची माफी मात्र वेळच्या वेळी मागितली जात होती. मी हनानकडे निघाले होते. ती सुदानची. मास्टर्सला आम्ही कॉव्हेंट्रीत एकाच घरात राहायचो, आता ती साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. फोनवर म्हणाली, "बाबांना समजावायला ये. या देशात गिरणीतलं कळणारी तू एकटीच."

हे खरं आहे. माझ्या वडिलांची बार्शीत पिठाची गिरणी आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, आणि तिचा अभ्यास दळणं आटोपल्यावर त्याच गिरणीत बसून केलेला. इंग्लंडात हे सांगितलं की लोक "हाऊ लव्हली" म्हणतात. पिठाने पांढऱ्या झालेल्या वेण्या त्यांनी धुतलेल्या नाहीत.

विंचेस्टरनंतर कुरणं, मेंढ्या, पुन्हा कुरणं, आणि मग एकदम बंदर. पाण्याकाठी नव्या कोऱ्या गाड्या परदेशी जायला रांगेत उभ्या.

स्टेशनवर हनानने मिठी मारली. "जाड झालीस."

"तूपण."

बसमध्ये तिने घरची खबर दिली. युद्धातून निसटून आई आणि भाऊ कैरोला पोचले. बाबा घरी, ओम्दुरमानमध्येच आहेत, गिरणी सोडत नाहीत. बँक बंद, नोटा दिसत नाहीत, म्हणून लोक दळणाच्या बदल्यात ओंजळभर ज्वारी ठेवून जातात. विजेच्या तारा तांब्यासाठी कोणीतरी खांबांवरून सोलून नेल्या. इंजिन डिझेलवर, तेही मिळेल त्या दिवशी. शेजारचे शाळामास्तर चहा विकतात. कोपऱ्यावरचा सोनार सरपण विकतो.

"आणि तुझा तो चुलतभाऊ?"

"इंटरनेट विकतो. त्याचं बरं चाललंय."

बाबांनी तिला एकच शब्द दिला होता: दगड चालेनासा झाला की निघेन. "आणि या आठवड्यात दगड गेला!" मुलगी बोर्डात आल्यासारखं तिने सांगितलं. मंगळवारी मामाचा ट्रक पोर्ट सुदानला निघणार होता. जागा राखून ठेवली होती. रस्ता सध्या उघडा होता, पुढच्या आठवड्याचं कोणी काही सांगत नव्हतं. "तू फक्त म्हण, दगड मेला. तुझं ऐकतील."

जेवायला किसरा (आंबवलेल्या ज्वारीचं पातळ धिरडं) आणि मुलाह (वाळवलेल्या भेंडीचं कालवण) होतं.

"ज्वारी कुठली गं?"

"सुपरमार्केटची."

"कळतंय."

फोन लागला. पडद्यावर पांढरी दाढी, डोक्याला फडकं. बाबांचं इंग्रजी जुन्या शाळेतलं, माझ्यापेक्षा चांगलं. "या बित्ती (अगं पोरी), तू गिरणीवाली? मग हे बघ." त्यांनी पीठ कॅमेऱ्यासमोर धरलं. रव्यासारखं भरड.

"हाताला गरम लागतंय का, अंकल?"

हनानने टेबलाखालून लाथ घातली.

"चटका बसतो."

म्हणजे दगड मेला नव्हता, बोथट झाला होता. त्याला टाकी लावली, म्हणजे टोकदार हत्याराने पुन्हा खाचा पाडल्या, की तो कापायला लागतो. मी तसं म्हणाले.

"टाकी लावणारा इजिप्तला गेला. त्याची हत्यारं लुटारू घेऊन गेले."

इथे थांबता आलं असतं. "गल्लीत एखादी जळकी गाडी असेल ना?"

"पसंत कर. तीन आहेत."

"तिच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा काढा. लोहाराकडून टोक काढून घ्या, मग लाल करून तेलात बुडवा. माझे वडील तसंच करतात."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं नेट गेलं. मग ते मोठ्याने हसले. "हनान, या मुलीला आणखी वाढ!" आणि आता खरंच नेट गेलं.

हनानने ताटं उचलली. "तुला एकच वाक्य दिलं होतं, संगी."

"दगड मेलेला नव्हता."

"मला माहीत होतं."

तरी ती स्टेशनवर सोडायला आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "टाकी लावली की दगड किती चालतो? वडिलांना विचार."

गाडीतून बार्शीला फोन लावला. "किती खोल लावली त्यावर हाय," वडील म्हणाले. "वरवर लावली तर लगीच बोथट हुतो. खोल लावली तर दिवाळी काढंल. कुणाची गिरणी गं?"

"लांबची."

"मग खोल लावायला सांग."

बी.ए.ला यादवी युद्धाच्या आर्थिक परिणामांवर प्रश्न आला होता. 'उत्पादन ठप्प होते' हा माझा पहिला मुद्दा. मास्तरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती. ठप्प झालं असतं तर मंगळवारी हनानचे बाबा ट्रकमध्ये बसले असते.

मी हनानला तेवढंच कळवलं: वरवर लावली तर लवकर, खोल लावली तर दिवाळीपर्यंत.

बेसिंगस्टोकला तिचं उत्तर आलं. "बाबांना मी ओळखते. दिवाळीनंतरचा ट्रक बघते."