नखंवाल्या मावशीचा विश्वास

माणूस समोर आलं की आपण आधी त्याचा चेहरा बघतो. नखंवाली मावशी पाय बघायची. मी वर्षभर बाहेरगावी राहून, बायबलचा अभ्यासक्रम करून बीडला परत आले, तेव्हा पाळकसाहेबांची मुलगी शिकून आली म्हणून सगळं चर्च मला बघायला जमलं होतं. कुणी म्हणालं वाळली, कुणी म्हणालं उजळली. मावशी खाली बघत म्हणाली, "बेबी, टाचा लई फुटल्या की गं तुझ्या." तेवढ्यावर तिच्याकडून माझं स्वागत संपलं.

चर्चच्या वहीत तिचं नाव एस्तेर होतं. त्या नावानं हाक मारली तर ती मागं वळून बघायची, दुसरं कुणी आलंय का म्हणून. चर्चशेजारच्या छोट्या दवाखान्यात ती आया होती. दवाखाना बंद पडला, डॉक्टर गेले, खाटा गेल्या, पाटीसुद्धा कुणीतरी नेली. मावशी तेवढी राहिली. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात दोन नेलकटर, न्हाव्याकडून मागून घेतलेली, नखं काढायची जुनी नराणी, मिठाची पुडी, खोबरेल तेलाची बाटली आणि एक धुवट पंचा. दिवाळी झाली की आपल्याकडची गावं ऊसतोडीला जातात. धडधाकट माणसं ट्रॉल्यांत बसून निघून जातात आणि ओट्यांवर म्हातारी माणसं उरतात. मावशी त्यांची नखं कापायला जायची. शुक्रवारी लिंबागणेशच्या अलीकडची एक वस्ती ठरलेली, बाकीच्या दिवशी जिकडची एसटी आधी लागेल तिकडं.

कॉलेजात असताना मी एकदा तिच्याबरोबर त्या वस्तीवर गेले होते. आता ते आठवलं की सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, दारांना कुलपं, कुठंतरी एक कोंबडी आणि बाकी नुसती शांतता. गोदाआजी नावाची एक म्हातारी कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. मावशी समोर उकिडवी. म्हाताऱ्या माणसांची नखं मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून वाट बघायची. बघता बघता गोदाआजीला डुलकी लागली, मग मलाही. जागी झाले तेव्हा मावशी एकेक बोट पंचानं टिपत होती आणि ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. परतताना ती म्हणाली, "डोळ्याला दिसत न्हाई, कंबर वाकत न्हाई, मंग मानसाचे पाय त्याच्यापासून लई लांब जातात." हे ती काही मोठं सांगतेय असं तिच्या बोलण्यात कुठंच नव्हतं.

"कावून करती गं बाई हे?" असं तिला वस्तीवरची माणसं विचारायची. त्यांना वाटायचं, ख्रिस्ती आहे, आता हळूच काहीतरी धर्माचं काढेल. मावशी म्हणायची, "वाढलीत म्हनून." आणि पुढचं बोट धरायची.

चर्चमध्ये मात्र ती सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी, चपलांजवळ बसायची. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत आमच्याकडं एकेकानं उठून साक्ष द्यायची रीत आहे. देवानं वर्षभरात आपल्यासाठी काय केलं, आपला विश्वास कसा वाढला, ते सांगायचं. काही जण दरवर्षी तेच सांगतात आणि दरवर्षी तितकंच रडतात. मावशीची पाळी आली की ती म्हणायची, "पुढच्याला इचारा," आणि चहाचं बघायला बाहेर जायची. लोक हसायचे. मीही हसायचे. एका दुपारी, माझ्या टाचांना तेल लावता लावता तिनं मला खरं सांगितलं. "सगळे डोळे मिटतात तवा त्यान्ला काईतरी होतं. मला काईच होत न्हाई बेबी. मी मिटते, अन् आत नुसता अंधार असतो. माझ्यात विश्वासच न्हाई वाटतं. मेल्यावर तुमी सगळे आत जाल अन् मी चपलांपाशी राहीन." हे सांगताना तिचा हात थांबला नव्हता. मला वाटलं, हिला शिकवायला हवं. मी नुकतीच शिकून आले होते ना.

दर बुधवारी दुपारी मी बायकांचा बायबल क्लास घ्यायची. त्या बुधवारी फळ्यावर मी दोन रकाने आखले. एकात विश्वास, दुसऱ्यात सत्कृत्ये. माणूस स्वतःच्या चांगल्या कामांनी तरत नाही, विश्वासानं तरतो, हे मी तासभर समजावलं. वर्गात मावशी मला 'बेबी' म्हणत नसे. मागून तिचा आवाज आला, "बाई, मंग ते नखं कापून काईच न्हाई का?" मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. मी म्हणाले, "तारणासाठी काहीच नाही, मावशी. आधी विश्वास. नखं काय, कुणीही कापतं."

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं वस्त्यांवर जाणं सोडलं. रोज दुपारी ती रिकाम्या चर्चमध्ये यायची आणि चक्क पहिल्या बाकावर डोळे मिटून बसायची. पिशवी नाही, काही नाही. रिकामे हात मांडीवर, दिवेलागणीपर्यंत. खिडकीतून कडुनिंबाची सावली तिच्या पदरावर हलायची, पारवे घुमायचे, आणि मी दारातून बघून कृतार्थ व्हायची. रात्री जेवताना वडिलांना म्हणाले, "बघा बाबा, मावशीत केवढा बदल झाला." वडील तीस वर्षं पाळक होते. ते म्हणाले, "आणि वस्तीवर कोण जातंय?" मी त्यांना वरण वाढलं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी रिक्षातून एक म्हातारी उतरली. गोदाआजी. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं. चर्चच्या पायरीशी येऊन मला म्हणाली, "ती नखंवाली कधी गेली वो? मातीला तर याया घावलं न्हाई. निदान घरच्यान्ला भेटावं म्हनून आले." मावशी मेली असंच तिनं धरलं होतं. जिवंत माणूस न सांगता यायचं थांबतं, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, "त्या आत आहेत, प्रार्थनेत आहेत. जरा बसा." त्या पायानिशी मी तिला पायरीवर बसवून ठेवलं. आज हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

गोदाआजी बसताना कण्हली. तो आवाज आत गेला. मावशीनं डोळे उघडले, ती मागं वळली आणि नेहमीप्रमाणं तिची नजर आधी पायावर गेली. ती धावतच आली. फडकं सोडलं. अंगठ्याचं नख मांसात रुतून पाय घोट्यापर्यंत सुजला होता. "बेबी, पानी ठेव," ती म्हणाली. मी म्हणाले, चहाचं पातेलं आहे नुसतं. "मंग तेच ठेव. नंतर घास." मग तिनं मला पिशवी आणायला तिच्या घरी पळवलं, आणि आल्यावर म्हणाली, "धर." मी पाय धरला. इतका गरम आणि इतका जड पाय मी तोवर कधी हातात घेतला नव्हता. मावशीचे हात चार आठवड्यांनीही जरासुद्धा चुकले नाहीत. नंतर तिनंच गोदाआजीला सरकारी दवाखान्यात नेलं आणि पाय वाचला. पण ते पुढचं.

पाय पाण्यात असताना गोदाआजीनं विचारलं, "कावून आली न्हाईस गं?"

"विश्वास शिकत होते," मावशी खाली बघत म्हणाली.

"त्यो काय असतो?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. दोन रकाने आखणारी मी, पाण्यातल्या पायाकडं बघू लागले. गोदाआजीनं आमची वाट बघितली नाही. ती आपलंच सांगत राहिली, "मी आपली दर शुक्रवारी पाय धुऊन ओट्यावर बसायचे. शेजारीन म्हनायची, आता कशाची येती ती. मी म्हनायचे, येनारच." मावशीनं पाण्यात आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

पुढच्या शुक्रवारी ती वस्तीवर गेली. त्या वर्षीही साक्षीच्या वेळी ती चहाचं बघायला उठली, आणि यावेळी मला हसू आलं नाही. मी फळ्याचा क्लास बंद केला. पुढं वडील गेले, मी शाळेत शिकवू लागले. माझ्या स्वतःच्या विश्वासाला कुठं कुठं भोकं पडली ते मी कुणाला सांगितलं नाही. रविवारी जायची, सवयीनं डोळे मिटायची, आणि मलाही आत अंधारच दिसायचा.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या खाटेजवळ बसले होते. दुपार होती, पत्रे तापले होते, ती मधेच जागी व्हायची, मधेच कुठंतरी लांब जायची. एकदा डोळे उघडून म्हणाली, "बेबी, मला अजून काई झालं न्हाई बघ. लई वाट बघितली." मी म्हणाले, "मावशी, तुला त्याची गरज नाही." तिनं मान हलवली. तिला माझं सांत्वन नको होतं. "ज्याच्या हातानं होत न्हाई त्याचं दुसऱ्यानं करावं. मी न्हाई का केलं? आता माझ्याच्यानं हे एक न्हाई झालं. माझ्यासाठी विश्वास तू ठेव."

माझ्याकडं काय शिल्लक आहे, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "ठेवते."

तिला ते पटलं. ती झोपली.

हल्ली लोक विचारतात, शिकलेली बाई तू, अजून खरंच देव मानतेस? मी हो म्हणते. काही दिवस ते सोपं जातं, पुष्कळ दिवस जात नाही. पण तिचं ते काम मी अंगावर घेतलंय, आणि तिच्या हातानं आता ते होणार नाही.