वहिनींनी वाचलेली पुस्तकं

दादाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. तास संपल्यावर पाहिलं, तर सहा वेळा येऊन गेलेला. परत लावला. "तुझी वहिनी गेली रे," दादा म्हणाला. "चहा ठेवते म्हणून उठली, आन् ओट्यापाशीच खाली बसली..." जालन्याहून टेंभुर्णीला पोचेपर्यंत वाटभर मला त्यांचा चेहरा आठवायला हवा होता. आठवत राहिला तो एक फोन, जो मला त्यांना करायचा होता आणि मी दीड महिना टाळत आलो होतो.

विमलवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आल्या तेव्हा मी आठवीत होतो. माहेरी त्या हाती लागेल ते वाचायच्या, हे पुढे कधीतरी त्यांनीच हसत सांगितलं. आमच्याकडे शेत, गुरं, पाहुणे आणि दोन लेकींची बाळंतपणं यांत त्यांची पस्तीस वर्षं गेली. मी जालन्यात खोली करून शिकत होतो तेव्हा सकाळच्या एसटीनं माझा डबा यायचा, तो त्याच भरायच्या. मी मराठीचा प्राध्यापक झालो याचं कौतुक घरात सगळ्यांत जास्त त्यांना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लेकी आपापल्या घरी होत्या, दुपार मोकळी होती. एक दिवस त्या गावातल्या वाचनालयात गेल्या आणि नाव नोंदवून आल्या. आठवड्याभरात मला फोन. "भाऊजी, मी पुस्तक वाचून राह्यले! दूध उतू गेलं तरी कळलं न्हाई बघा."

मग दर रविवारी फोन. हे वाचा, ते वाचाच. "तुम्ही तर वाचलंच असंल म्हणा." हे 'असंल' ऐकलं की मला नाही म्हणवायचं नाही. खरं म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत मी एकही नवं पुस्तक पुरं केलेलं नव्हतं. तीच टिपणं, तेच प्रश्न, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी म्हणायचो, "वाचलंय वहिनी, छान आहे." एकदा त्यांनी विचारलं, "मंग त्या मास्तरीणबाईचं वागणं पटलं का तुम्हाला?" मी ठोकून दिलं, "पटलं की. मोठी धीराची बाई." पलीकडून "बराबर," एवढंच. ती मास्तरीणबाई पहिल्या वीस पानांतच भिऊन गाव सोडते, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसानंतर त्यांनी मला 'वाचलं का' असं कधीही विचारलं नाही. त्या पुस्तकं सांगू लागल्या, अगदी पहिल्यापासून. मी फोन स्पीकरवर टाकून पेपर तपासायचो. वहिनींना बोलायची हौस आहे, असंच मला वाटायचं. त्या माझी लाज राखत होत्या, हे ध्यानातच आलं नाही.

गेल्या वर्षाअखेरीस वर्तमानपत्राच्या याच पुरवणीसाठी मी 'अलीकडे आवडलेली पुस्तकं' असा लेख लिहिला. चार पुस्तकं निवडली. चारही वहिनींची. वाक्यंसुद्धा त्यांची. 'या बाया बोलत न्हाईत, पर भाकर थापतानी त्यांचं सगळं कळतं' असं त्या म्हणाल्या होत्या; मी ते प्रमाण मराठीत घातलं, आणि नेमक्या त्याच वाक्याचं वाचकांनी कौतुक केलं. वाचनाचं प्रेम मला नव्यानं गवसलं, असंही मी लिहिलं. वहिनींचं नाव कुठेच नव्हतं.

लेख आला त्या सकाळीच त्यांचा फोन. "लई छान लिहिलं, भाऊजी. तुमच्या दादाला वाचून दाखवलं." मी काहीतरी पुटपुटलो. मग त्या म्हणाल्या, "फक्त त्या गिरणीवाल्या बहिणींचं शेवटी काय होतं, ते एकदा बघून घ्या. मी तुम्हाला सांगितलं तवा माझं पुस्तक संपलं न्हव्तं. धाकटी परत येईल, हा माझा अंदाज होता." आवाजात राग नव्हता, टोमणा तर बिलकुल नव्हता. "बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पुढचे रविवार मी त्यांचा फोन उचलला नाही. नंतर करू, म्हणत राहिलो...

तेरावा झाल्यावर दादा म्हणाला, "तिची पुस्तकं तेवढी वाचनालयात देऊन ये." मधल्या खोलीत डाळींच्या डब्यांशेजारी तीन पुस्तकं होती. त्यांत गिरणीवाल्या बहिणींचंही होतं. त्यांनी ते पुन्हा आणलं असावं. उभ्याउभ्याच शेवटचं प्रकरण वाचलं. धाकटी परत येत नाही. थोरली एकटीच गिरणीचं इंजिन चालू करायला शिकते. वाचकहो, धाकटी परत येते, असं मी तेव्हा चुकीचं लिहिलं होतं. ही दुरुस्ती मी वहिनींच्या हयातीत करायला हवी होती.

तेवढ्यात शेजारच्या फरीदाआपा आणि गल्लीतल्या तीन-चार बायका दारात आल्या. दुपारी वहिनी यांनाही पुस्तकं सांगायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं. फरीदाआपांनी तिसऱ्या, जाडजूड पुस्तकावर बोट ठेवलं. "हे आर्धंच सांगून गेली विमल. त्या नर्सबाईची बदली झाली, हितपर्यंत. भाऊसाब, तुम्ही तर कॉलेजात शिकवता. पुढं काय होतं, सांगा की."

दादा बाजूला उभा होता. एखादं वाक्य जुळवून सांगणं मला सहज जमलं असतं.

"मी वाचलेलं नाही," मी म्हणालो. "त्या लेखातलंही एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. सगळं वहिनींचं होतं."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. फरीदाआपांनी मात्र शांतपणे पदर सावरला आणि उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"मंग आत्ता वाचा ना," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा. आम्हाला काही जल्दी न्हाई."